कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी: जुन्या पद्मिनीचं मिसिंग आणि फटाके

गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटायचा चुकू लागला, की पहिला स्क्रूड्रायव्हर पडतो तो पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवर. बिचारा बॉनेट उघडताच समोर दिसतो, त्याला फिरवण्याजोगे दोन स्क्रू असतात आणि ते फिरवले की इंजिनचा आवाज लगेच बदलतो. काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. आमच्या पद्मिनीचा कार्बोरेटर अशा समाधानापोटी एकाच वर्षात तीनदा उघडला गेला, किट बदललं, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी पितळी भोकं) धुतले. दोष निघाला प्लगांना पाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कंडेन्सरमध्ये. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी कान, मग करंट, मग टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते), मग इंजिनचा दम (कॉम्प्रेशन), मग हवा, मग पेट्रोल आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

इथे उदाहरण प्रीमियर पद्मिनीचं आहे: १०८९ सीसी, चार सिलिंडर, सोलेक्स कार्बोरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (पॉइंट म्हणजे आतली करंट जोडणारी-तोडणारी दोन तोंडं), फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याची पाळी, १-३-४-२. अ‍ॅम्बेसेडरचीही ऑर्डर हीच. कार्बोरेटरवाल्या मारुती ८००ला तीनच सिलिंडर, ऑर्डर १-३-२. तपासणीचा क्रम सगळ्यांना लागू पडतो, आकडे मात्र आपापल्या मॅन्युअलमधून घ्यायचे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३अखेर संपली आणि नुसत्या कानाने दोष सांगणारे मिस्त्रीही आता शोधावे लागतात. त्यामुळे हे काम थोडंफार आपल्यालाच यायला हवं.

हत्यारं फार लागत नाहीत. फिलर गेज (गॅप मापायच्या पातळ पट्ट्या), प्लग पाना, १२ व्होल्टचा बल्ब आणि त्याला दोन वायरी, एक चांगला जादा प्लग, साबणाचं पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली, जमल्यास कॉम्प्रेशन गेज. आणि हाताशी अग्निशामक. पेट्रोल आणि ठिणगी या दोन्हींशी आपण खेळणार आहोत, म्हणून काम उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नको. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने चालू इंजिनच्या प्लग वायरींच्या आसपासही येऊ नये.

आधी ऐका

आवाज कुठून येतो यावर अर्धं निदान होतं. कार्बोरेटरच्या तोंडातून शिंक आल्यासारखा 'फट्' आवाज आणि सायलेन्सरमधून उडणारा फटाका या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दोन्हीला आपण बॅकफायरच म्हणतो, तिथेच घोळ होतो.

कार्बोरेटर शिंकतो याचा अर्थ इनटेक वाल्व्ह उघडा असताना आग उलटी आली. मिश्रण पातळ असेल, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, तर ते इतकं सावकाश जळतं की पुढचा इनटेक उघडेपर्यंत आग शिल्लक राहते. टायमिंग फार पुढे असणं (ठिणगी फार लवकर पडणं), दोन प्लग वायरींची अदलाबदल होणं, इनटेक वाल्व्ह नीट न बसणं, ही बाकीची कारणं.

सायलेन्सरमधला फटाका म्हणजे न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात जाऊन पेटलं. एखादा प्लग मधूनच करंट सोडत असेल, मिश्रण फार जाड असेल किंवा टायमिंग मागे गेलं असेल तर हे होतं. फक्त उतारावर, रेस सोडल्यावरच बारीक फटफट होत असेल तर एक्झॉस्टच्या जोडावरचं पॅकिंग बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलंसुरलं पेट्रोल पेटतं. एक जुनी खोडही इथेच सांगतो. पेट्रोल वाचवायला घाट उतरताना किल्ली बंद करायची आणि खाली आल्यावर पुन्हा फिरवायची. मधल्या वेळात इंजिन फिरतच असतं, सायलेन्सरमध्ये कच्चं पेट्रोल साठतं आणि किल्ली फिरवताच असा बार उडतो की सायलेन्सरची शिवण उसवते. वाचलेल्या पेट्रोलपेक्षा सायलेन्सर महाग पडतो.

दोष केव्हा येतो तेही वहीत लिहून ठेवा. सकाळी थंड असताना? तासभर चालल्यावर? फक्त चढावर? स्लोला? पावसातच? 'कधीकधी येतो' या वाक्यावर कोणतीही गाडी दुरुस्त होत नाही.

कोणता सिलिंडर झोपलाय

इंजिन स्लोवर (रेस न देता, उभ्या गाडीत) ठेवा आणि एकेका प्लगची वायर काढून बघा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लगेच लंगडतं. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला. वायर नुसत्या हाताने धरू नका. हजारो व्होल्टचा झटका बसला की हात उडून फॅनमध्ये जातो आणि खरी इजा तिथे होते. सोपा मार्ग असा: इंजिन बंद करून एक वायर काढायची, तिच्यात जादा प्लग खोचून त्याची बॉडी इंजिनच्या लोखंडाला घट्ट लावून ठेवायची आणि मग स्टार्ट करायचं. वायर लोंबकळत सोडली तर करंटला जायला वाट राहत नाही, मग कॉइलचं (बॅटरीच्या करंटचे हजारो व्होल्ट करणारी) किंवा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपचं, म्हणजे झाकणाचं, इन्सुलेशन फुटतं.

झोपलेला सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजाऱ्याशी बदला. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. नाही सरकला तर वायर बदलून बघा. तरीही तिथेच राहिला तर त्या सिलिंडरच्या आत काहीतरी आहे. त्याकडे पुढे येऊ. आणि वायर काढल्यावर सगळेच सिलिंडर सारखा प्रतिसाद देत असतील, तर दोष चौघांच्या सामाईक वाटेवर आहे: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर (कॅपच्या आत फिरून करंट वाटणारा तुकडा), किंवा पेट्रोल.

प्लग काढलेच आहेत तर त्यांचं तोंड बघा. बिस्किटी किंवा तांबूस करडा रंग चांगला; शिसंविरहित पेट्रोलवर तो थोडा फिकाच दिसतो. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड. काळा आणि तेलकट म्हणजे रिंग किंवा वाल्व्ह गाइडमधून ऑइल येतंय. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा टायमिंग जास्त पुढे. पेट्रोलने ओला म्हणजे पेट्रोल पोहोचतंय, करंट नाही. चार प्लग काढल्यावर क्रमाने मांडून ठेवा. एकाच पिशवीत टाकले की ही सगळी माहिती गेली.

करंट: इथे घाई नको

माझ्या अनुभवात कार्बोरेटरवर ढकलले जाणारे बहुतेक दोष इथे सापडतात.

कॉइलकडून कॅपच्या मधोमध येणारी जाड वायर कॅपमधून काढा, इन्सुलेटेड पक्कडीने तिचं टोक लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटर लांब धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आधी आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, बघा. ठिणगी निळी, जाड आणि 'टक्' आवाजाची हवी. पिवळी, बारीक, मधूनच चुकणारी असेल तर पॉइंट-कंडेन्सर-कॉइल या त्रिकुटात दोष. इथे ठिणगी उत्तम पण प्लगपाशी मरतुकडी असेल तर कॅप, रोटर किंवा वायरी.

कॅप उघडून आत उजेडात बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका पितळी टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली दिसली तर करंट त्या रेघेवरून चुकीच्या सिलिंडरला जातोय. अशी कॅप पुसून सुधारत नाही, बदलायचीच. मधला कार्बनचा खिळा स्प्रिंगवर हलतो का, तेही बघा. रोटरला तडा असेल तर करंट सरळ खालच्या शाफ्टमध्ये उतरतो; हा तडा बरेचदा डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून डिकीत एक रोटर जादा ठेवावा. वायरींची परीक्षा रात्री: अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, गळका करंट निळसर चमकताना दिसतो. पावसाळ्यात डबक्यातून गाडी काढल्यावर मिसिंग सुरू झालं तर कॅप काढून आतबाहेर कोरड्या फडक्याने पुसली की नव्वद टक्के काम होतं.

वायरींची मांडणीही महत्त्वाची. १-३-४-२ मध्ये तिसऱ्यानंतर लगेच चौथा पेटतो आणि दुसऱ्यानंतर पहिला. म्हणजे या दोन जोड्यांतले सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत आणि पाठोपाठ पेटणारेही. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर गेल्या आणि इन्सुलेशन जुनं असेल, तर एकीचा करंट दुसरीत उतरतो आणि कार्बोरेटर शिंकतो. वायरी एकत्र बांधून 'नीटनेटकं' करण्याचा मोह आवरा.

आता पॉइंट. दोन्ही तोंडं करडी आणि सपाट हवीत. एका तोंडावर डोंगर आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर पॉलिश पेपरने तात्पुरतं काम भागतं, पण जोडी बदलणंच बरं. नव्या पॉइंटवर तेलाचा थर असतो. पेट्रोलने पुसून मगच बसवा. इंजिन हळू फिरवून कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणा आणि गॅप मापा. या वर्गातल्या गाड्यांना तो साधारण ०.४ ते ०.५ मिमी असतो. टाच झिजत गेली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की टायमिंग मागे जातं, गाडी जड वाटते, तापते आणि सायलेन्सरमधून फटाके येतात. कॅमवर ग्रीसचा नखाएवढा ठिपका लावला की टाच पुष्कळ टिकते. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि नवं दुखणं सुरू होतं.

गॅप लावूनही तो जागेवर राहत नसेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. खेळ जाणवला तर बुश गेलेत आणि प्रत्येक फेरीत गॅप बदलतोय. आतल्या प्लेटला जोडलेली छोटी विणलेली अर्थ वायरही ओढून बघा. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी सोय) आहे तिथे प्लेट सतत पुढेमागे होते, वायर कापडी वेष्टनाच्या आत तुटते आणि गाडी फक्त रेस देतानाच मिसिंग मारते. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करा; दाब टिकला तर पडदा शाबूत.

कंडेन्सरची खूण म्हणजे पॉइंट उघडताना त्यांच्यातच दिसणारा मोठा पांढरा-निळा जाळ आणि लवकर जळणारी तोंडं. आमच्या गाडीत तो थंड असताना ठणठणीत असायचा. चाळीस-पन्नास मिनिटं चालवली, घाट लागला की मिसिंग, मग फटाके, मग बंद. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही. सगळे म्हणायचे पेट्रोलची वाफ होतेय, पंपावर ओलं फडकं टाका. फडकं टाकेपर्यंत तेवढ्या वेळात कंडेन्सरही थंड व्हायचा आणि श्रेय फडक्याला मिळायचं! एकदा मात्र बंद पडताक्षणी, काही थंड व्हायच्या आत, ठिणगी बघितली. पिवळी, मरतुकडी. तापल्यावर येणारा दोष तापलेला असतानाच तपासायचा: आधी ठिणगी, मग कार्बोरेटरच्या तोंडात डोकावून रेसचा लिव्हर दाबल्यावर पेट्रोलची धार येते का. दोन मिनिटांत निकाल लागतो. कॉइलही तापल्यावर अशीच वागते, म्हणून कंडेन्सर बदलून फरक पडला नाही तर कॉइलवर या. कॉइल बदलताना आपली गाडी रेझिस्टन्सवाली (कॉइलच्या वाटेत वेगळा रेझिस्टन्स असलेली) आहे की बिनरेझिस्टन्सची ते जुळवा. सुमारे दीड ओहमची कॉइल रेझिस्टन्सशिवाय लावली तर तीही तापते आणि पॉइंटही जळतात. बिनरेझिस्टन्सची कॉइल साधारण तीन ओहम दाखवते.

नवा कंडेन्सर बसवल्यावर चालता असलेला जुना फेकू नका. नवे पाकिटातूनच खराब निघाल्याचं मी दोनदा पाहिलंय.

टायमिंग

गॅप बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलट केलं तर काम दोनदा.

चारही प्लग काढा, एक नंबरच्या, म्हणजे रेडिएटरकडच्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवा. हँडल असेल तर हँडलने, नाहीतर टॉप गिअरमध्ये गाडी हळू ढकलून इंजिन नेहमीच्या दिशेने फिरवा. अंगठ्यावर दाब आला की पुली किंवा फ्लायव्हीलवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आणा. बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या बारीक टोकाला, दुसरी गाडीच्या लोखंडाला. किल्ली ऑन. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करून त्याची बॉडी आधी रोटरच्या दिशेने थोडी फिरवा म्हणजे बल्ब विझेल, मग उलट दिशेने हळूहळू आणा. बल्ब पेटेल त्याच क्षणी थांबून क्लॅम्प आवळा. काम झालं की किल्ली लगेच बंद; पॉइंट मिटलेले राहून किल्ली ऑन राहिली तर कॉइल भाजते.

इंजिनचा दम

ठिणगी चांगली, टायमिंग बरोबर, तरी एकच सिलिंडर झोपलेला असेल तर टॅपेट, म्हणजे वाल्व्ह दाबणाऱ्या भागांतला मोकळा गॅप, बघा. गॅप फार कमी असेल तर तापल्यावर वाल्व्ह पूर्ण मिटत नाही. इनटेकचा असेल तर कार्बोरेटर शिंकतो, एक्झॉस्टचा असेल तर वाल्व्ह जळतो. टकटक वाजणारे टॅपेट कानाला वाईट, पण न वाजणारे घट्ट टॅपेट इंजिनला जास्त वाईट.

गेज नसेल तर कागदाची युक्ती आहे. स्लोवर सायलेन्सरच्या तोंडासमोर कागद धरा. तो सतत बाहेर फडफडला पाहिजे. ठरावीक तालात आत ओढला जात असेल तर एखादा एक्झॉस्ट वाल्व्ह नीट बसत नाही, असं बहुधा समजावं.

गेज असेल तर इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, रेस पूर्ण दाबलेली, कॉइलची बारीक वायर काढलेली अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके द्या. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. १० ते १५ टक्क्यांहून जास्त असेल तर विचार करा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर वाल्व्ह. दोन शेजारचे सिलिंडर एकत्र कमी असतील तर हेड गॅस्केट.

चोरटी हवा

चालत्या गाडीत दोष आला की चोक (हवा कमी करून मिश्रण जाड करणारी दांडी) किंचित ओढा. मिसिंग थांबलं तर मिश्रण पातळ होतं. वाढलं तर पातळपणा हे कारण नाही.

पातळपणाचं पहिलं कारण चोरटी हवा. इंजिन स्लोवर ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरांना नेणाऱ्या पाइपाच्या) जोडावर आणि रेसबरोबर फिरणाऱ्या थ्रॉटल शाफ्टच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी फवारा. जिथे पाणी आत ओढलं जातं आणि आवाज बदलतो तिथे गळती. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम मॅनिफोल्डवर ते करू नका. नवं पॅकिंग लावूनही हवा जात असेल तर कार्बोरेटरच्या फ्लँजवर (बसवण्याच्या सपाट बुडावर) स्टीलची पट्टी धरून बघा. नट जास्त आवळून दोन्ही कान वाकलेले सापडतील. शाफ्टची भोकं झिजली असतील तर स्लो कधीच स्थिर लागणार नाही, कितीही स्क्रू फिरवा.

पेट्रोल पोहोचतंय का

वीस-तीस किलोमीटरनंतर दम तुटत असेल तर टाकीचं झाकण उघडा. 'स्स्' करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. मग कॉइलची बारीक वायर काढून, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडून स्टार्टर मारा. पंपाने ठोक्यागणिक जोरदार धार फेकली पाहिजे. बुडबुडे येत असतील तर टाकी ते पंप या भागातली एखादी नळी चिरलीये. तिथून पेट्रोल गळत नाही, हवा शिरते, म्हणून ती सहज सापडत नाही.

इथे आजच्या पेट्रोलचा विचार करावाच लागतो. २०२५पासून देशभर पंपावर मिळतं ते साधारणपणे २० टक्के इथेनॉलचं. साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊपट. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. आधीच काठावर असलेली गाडी यानेच शिंकायला लागते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदेही इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. शिवाय इथेनॉल पाणी धरतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होऊन बसतो. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत तासभर ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा.

आता कार्बोरेटर

एवढं सगळं ठीक निघालं तरच तो उघडा. पण आधी न उघडता एक गोष्ट: इंजिन बंद, एअर क्लीनर बाजूला, तोंडात बघत लिव्हर दाबा. बारीक धार लगेच आणि सलग आली पाहिजे. उशिरा आली किंवा आलीच नाही तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा गेलाय. रेस देताच अडखळणं आणि शिंक हे त्याचंच काम.

उघडल्यावर जेटच्या भोकात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक कायमचं मोठं होतं. हवेचा दाब किंवा मासेमारीची नायलॉन दोरी वापरा. फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) हलवून कानाशी धरा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटलाय, वाटी भरून वाहणार आणि प्लग काळे होणार. फ्लोटने मिटणाऱ्या नीडल व्हॉल्व्हच्या टोकावर झिजून कडी पडलेली दिसली तर तो बदला. इथेनॉलमुळे आलेला पातळपणा उरलाच असेल तर मुख्य जेट एक पायरी मोठा करून बघता येतो, पण तो बदल प्लगचा रंग बघत करायचा, अंदाजाने नाही.

जोडल्यावर मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, आवळायचा नाही, आणि तिथून दीड फेरा बाहेर. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तो पाव-पाव फेरा फिरवत सर्वांत मऊ आणि जलद चालणारी जागा शोधा, मग स्लोचा स्क्रू खाली आणा, पुन्हा मिक्श्चर बघा. दोन-तीनदा असं केलं की जमतं. शेवटी एकच ओळ वहीत: तारीख, पॉइंटचा गॅप, मिक्श्चरचे फेरे. पुढच्या वेळी कुणी 'जरा कार्बोरेटर बघतो' म्हणालं तर त्याच्या हातात आधी ती वही द्या.